वीस गुण, एक मिनिट आणि कॉपी

तेलंगणाच्या दहावीत शंभरपैकी ऐंशी गुण लेखी परीक्षेचे आणि वीस शाळेच्या हातातले. ही पद्धत २०१४-१५ पासूनची. त्या वीस गुणांसाठी वर्षातून चार वेळा आकारिक मूल्यमापन होतं आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी पाहायच्या असतात: वर्गातला सहभाग, लेखनकाम, प्रकल्प आणि स्लिप टेस्ट. प्रत्येकाला पाच गुण. कागदावर ही मांडणी चांगलीच आहे. मूल वर्षभर काय करतं ते शिक्षकाने पाहावं, टिपावं आणि त्याचं काहीतरी मोल धरावं, याला कोण हरकत घेईल?

प्रत्यक्षात काय होतं ते आदिलाबादच्या कुठल्याही शिक्षकाला एकांतात विचारा. रजिस्टर भरायचं असतं. प्रकल्प गाईडमधून उतरलेला असतो, तोही बऱ्याचदा मोठ्या भावाच्या वहीतून. स्लिप टेस्ट झालीच तर फळ्यावर प्रश्न आणि त्याखाली उत्तर. चौथ्या मूल्यमापनाच्या वेळी पहिल्या तिन्हींचे रकाने एकदमच भरले जातात, एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात. खासगी शाळांत तर वीसपैकी वीस हा नियम आणि अठरा हा अपवाद, अशी तक्रार वर्षानुवर्षं आहे. सरकारी शाळेतला एखादा सरळ शिक्षक खरोखर मोजून चौदा देतो आणि त्याचीच मुलं मागे पडतात. हे मागे पडणं नुसतं मानापमानाचं नाही. बासरची राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान संस्था, म्हणजे सगळे जिला ट्रिपल आयटी म्हणतात ती, २००८ पासून दहावीच्या निकालावर सहा वर्षांचा इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम देते. खेड्यातल्या हुशार मुलासाठी जवळपास एवढंच एक मोठं दार. सरकारी शाळेच्या मुलाला तिथे ०.४ चा जादा गुणांक मिळतो, कारण ही शर्यत समान रेषेवरून सुटत नाही हे संस्थेलाही ठाऊक आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने हे वीस गुण काढून पुन्हा पूर्ण शंभर गुणांची लेखी परीक्षा घेण्याचं जाहीर केलं. शैक्षणिक वर्ष निम्मं सरलेलं. ओरड झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या वर्षापुरता निर्णय मागे घेतला गेला. एका दिवसात घूमजाव करणाऱ्या खात्याची थट्टा करणं सोपं आहे, पण खात्याची अडचण खरी आहे. गुण शाळेच्या हाती दिले तर फुगतात. काढून घेतले तर सगळा भार तीन तासांच्या पेपरवर पडतो आणि कॉपीचं मोल वाढतं.

पैनगंगेपलीकडे महाराष्ट्राने हाच प्रयोग करून पाहिला आहे. २०१८ मध्ये राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत वीस गुण काढले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पालक, संस्थाचालक, पुढारी सगळे एका सुरात बोलू लागले. गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. म्हणजे एका वर्षात राज्याची पोरं बारा टक्क्यांनी मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार! मग कोरोना आला, परीक्षाच झाली नाही, शाळांनी दिलेल्या गुणांवर २०२१ चा निकाल ९९.९५ टक्के. या चार आकड्यांनंतर निकालावरून मुलांना काय येतं ते कळतं, असं म्हणण्याची हिंमत कुणी करू नये. तरी दर वर्षी जिल्हावार, विभागवार क्रम छापला जातोच, आणि कोकण पहिला आला की बाकीचे विभाग मान खाली घालतात.

आदिलाबादच्या संदर्भात महाराष्ट्राचं नाव घेणं म्हणजे शेजारच्या घरात डोकावणं नव्हे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. किनवट नांदेडकडे गेला, राजुरा आधी नांदेडला आणि मग चांद्याला. पैनगंगेच्या या काठाला बेला, जैनथ, तांसी, तलमडुगूकडे मराठी घरं आहेत, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत. त्या काठाला यवतमाळ, नांदेड. नातीगोती दोन्हीकडे, मुली दोन्हीकडे दिलेल्या. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. आसिफाबादच्या केरामेरी मंडलाची आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्याची हद्द जिथे भांडते तिथली काही गावं तर दोन्ही राज्यांची आहेत: दोन रेशनकार्डं, दोन मतदान, आणि एकाच गावात एक तेलुगू शाळा, एक मराठी शाळा. शिकणं मोजण्याच्या दोन सरकारी पद्धती एकाच पोरावर चालवून बघायच्या असतील तर जागा तयार आहे.

मोजण्याच्या या धंद्यात कॉपी कुठून येते? चिठ्ठी हा तिचा सर्वांत गरीब प्रकार. मायक्रो झेरॉक्स, मोज्यात, पट्ट्याखाली, मुलींच्या केंद्रावर ओढणीच्या टोकाला. केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं परीक्षेच्या वेळात बंद ठेवायचे आदेश निघतात ते याच्यासाठी. त्याहून वरचा प्रकार सामूहिक कॉपीचा. यात मुलगा काहीच करत नाही. भिंतीपलीकडून, खिडकीतून, कधी पाण्याच्या जगाबरोबर उत्तर आत येतं, आणि पर्यवेक्षक व्हरांड्यात उभा राहून भरारी पथकाच्या गाडीची वाट पाहतो. तिसरा प्रकार मोबाइलचा. ३ एप्रिल २०२३ ला तेलंगणाची दहावी सुरू झाली आणि पेपर सुरू झाल्यावर काही मिनिटांतच तांडूरच्या केंद्रावरून तेलुगूच्या प्रश्नपत्रिकेचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला. त्यात शिक्षकच सापडला. दुसऱ्या दिवशी हनमकोंडा जिल्ह्यातल्या कमलापूरहून हिंदीचा पेपर बाहेर आला आणि प्रकरण थेट राजकारणात गेलं, भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष बंडी संजय यांना अटक झाली. त्याच्या महिनाभर आधी, ३ मार्चला, बुलढाण्याच्या सिंदखेडराजात बारावीच्या गणिताची पानं वेळेआधी बाहेर आली होती. तिथेही अटक झालेल्यांत शिक्षक होते.

पेपर सुरू झाल्यावर बाहेर गेला तर ती फूट म्हणायची की नाही, यावर अधिकारी घोळ घालत बसतात. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की या दोन्ही राज्यांत मोठी कॉपी पकडली गेली तेव्हा तिच्या टोकाशी विद्यार्थी एकटा नव्हता. मोठी माणसं होती, आणि त्यात शिक्षक होते. आपले कायदे मात्र वर्गातल्या बाकावरून सुरू होतात. महाराष्ट्राचा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा १९८२ चा, आंध्र प्रदेशचा १९९७ चा (तोच तेलंगणात चालत आला), आणि नीटच्या गोंधळाच्या वर्षी, २०२४ मध्ये, केंद्राचाही लागू झाला. केंद्राच्या कायद्यात एक शहाणपण आहे: तो परीक्षार्थीला नव्हे, टोळीला आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला धरतो. पण तो भरतीच्या आणि प्रवेशाच्या परीक्षांसाठी. गावच्या दहावीला जुनंच दंडुकं.

पहारा वाढतो तेव्हा त्याचा मार कुणावर बसतो? तेलंगणाच्या इंटर (म्हणजे अकरावी-बारावी) बोर्डाचा एक नियम होता: एक मिनिट उशीर झाला तरी प्रवेश नाही. त्यामागचं कारण सांगायला सोपं आहे. पेपर सुरू झाल्यावर बाहेर फुटला तर उशिरा येणारा तो पाहून येईल. हैदराबादला हा नियम कडक वाटतो. आदिलाबादला तो क्रूर आहे. इथे बस नेहमी वेळेवर मिळते असं नाही, गाव ते केंद्र अंतर वीस-पंचवीस किलोमीटरही असतं, आणि आश्रमशाळेतलं पोर असेल तर घरून परत येण्याचा प्रवास वेगळाच. २९ फेब्रुवारी २०२४ ला आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंटरच्या एका विद्यार्थ्याला उशीर झाला म्हणून आत सोडलं नाही. त्या दिवशी त्याने आयुष्य संपवलं. वडिलांची माफी मागणारी चिठ्ठी मागे ठेवून. त्यानंतर बोर्डाने पाच मिनिटांची सवलत दिली. जी सवलत एका जिवानंतर इतक्या पटकन देता आली, ती आधी का देता येत नव्हती, याचं उत्तर कुणाला देता आलेलं नाही. त्या मुलाने कॉपी केली नव्हती. कॉपी करणारे वेळेवर पोचतात.

महाराष्ट्र मंडळानेही याच भीतीपोटी २०२३ पासून पेपर वाचायला आधी मिळणारी दहा मिनिटं बंद केली. फरक एवढाच की ती दहा मिनिटं शेवटी जोडून दिली. बंदोबस्त करताना मुलाचं काय कापलं गेलं याचा हिशेब ठेवण्याची ही एक बरी रीत. २०२५ मध्ये तेलंगणाने प्रश्नपत्रिकांवर क्यूआर कोड आणि क्रमांक छापले, म्हणजे फोटो बाहेर आला तर कुठल्या केंद्राचा ते कळेल. तरी नलगोंडा जिल्ह्यातल्या नकिरेकलला खिडकीतून फोटो निघालाच.

उलट बाजूही पाहा. मुलाकडून एक मिनिटाचा चोख हिशेब मागणारी यंत्रणा स्वतः काय करते? याच ३ एप्रिल २०२३ ला, तांडूरची बातमी गाजत होती तेव्हा, उटनूरहून तेलुगूच्या लिहिलेल्या उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा टपालातून बसपर्यंत नेताना हरवला. पोलीस रस्त्याकडेला शोधत होते. ज्यांच्या उत्तरपत्रिका होत्या ती मुलं उटनूरची, म्हणजे जिल्ह्यातल्या आदिवासी पट्ट्याच्या मध्यावरची. त्याआधी २०१९ मध्ये इंटरचा निकाल लागला, १८ एप्रिलला. संगणकाचं काम एका खासगी कंपनीला दिलेलं, तीन लाखांहून अधिक मुलं नापास, हजर असलेली गैरहजर दाखवलेली. जुन्या आदिलाबादमधल्या मंचेरियालकडच्या एका मुलीला, जी आदल्या वर्षी भरघोस गुणांनी पास झाली होती, तेलुगूत शून्य मिळालं. फेरतपासणीत ते ९९ निघाले. तपासणाऱ्याला पाच हजार रुपये दंड. त्या आठवड्यांत राज्यात वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. सरकारने नापासांच्या सगळ्या उत्तरपत्रिका फुकट पुन्हा तपासल्या आणि हजारावर मुलं पास ठरली. हजार हा आकडा लहान असल्याचं समाधान तेव्हा काहींनी मानलं. मला ते समजलेलं नाही.

आता पहारा खरोखर कडक केला तर काय होतं, याची दोन उदाहरणं. उत्तर प्रदेशात कल्याणसिंह सरकारने १९९२ मध्ये कॉपीविरोधी अध्यादेश काढला. कॉपी करणाऱ्याला सरळ तुरुंग. त्या वर्षी दहावीचा निकाल पंधरा टक्क्यांच्या आसपास लागला. पुढच्या निवडणुकीत हा प्रचाराचा मुद्दा झाला आणि मुलायमसिंह यादव सत्तेवर येताच कायदा गेला. दुसरं उदाहरण आपल्या हाकेच्या अंतरावरचं. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना, २०१० च्या सुमारास, कॉपीमुक्तीची मोहीम झाली. तिचं नाव पुढे राज्यभर नांदेड पॅटर्न म्हणून गेलं. नुसते पोलीस उभे करून ती थांबली नाही. सगळ्या खात्यांचे कर्मचारी बैठ्या पथकांत बसवले, पण परीक्षेआधी शाळांत तास घेणं, पालकांशी बोलणं हेही केलं. पहिल्या फटक्याला निकाल खाली आला. त्यानंतर मुलं वर्गात दिसू लागली, असं किनवट-माहूरकडचे शिक्षक अजून सांगतात, आणि साहेब बदलून गेल्यावर काय झालं तेही सांगतात.

म्हणजे कडक पहाऱ्याने कॉपी थांबते, आणि थांबली की आतलं रिकामं भांडं दिसतं. ते दिसलेलं कुणालाच नको असतं. पालकाला नको, संस्थेला नको, आमदाराला नको, शिक्षण खात्याला तर अजिबात नको. म्हणून पहारा टिकत नाही. कॉपी ही पोरांची चोरी असती तर कधीच आटोक्यात आली असती; ती सगळ्यांच्या सोयीची तडजोड आहे.

एका पेपरवर आपण तीन कामं लादली आहेत. पहिलं, मुलाला काय येतं ते कळावं. दुसरं, पुढच्या जागा कुणाला द्यायच्या ते ठरावं. तिसरं, शाळा, शिक्षक, जिल्हा शिक्षणाधिकारी यांचं काम कसं आहे ते कळावं. दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाचा जोर इतका की पहिल्याला जागाच उरत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात मांडलेलं सूत्र हेच सांगतं: जो आकडा निर्णयासाठी वापरला जातो, तो आकडाच आधी बिघडतो. अमेरिकेत अटलांटा शहरात शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका खोडरबराने पुसून बरोबर उत्तरं भरली, कारण शाळांची पत, बक्षिसं आणि नोकऱ्या त्या गुणांवर टांगलेल्या. २०१५ मध्ये अकरा जणांना न्यायालयाने दोषी धरलं. तिथे कॉपी करणारी मुलं नव्हतीच.

यावर कुणी म्हणेल, मग निकालावरचं ओझं काढा, की झालं. इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. अर्थतज्ज्ञ अभिजित सिंग यांनी आधी मध्य प्रदेशात आणि मग आंध्रच्या प्रकाशम जिल्ह्यात शाळांतल्या चाचण्या तपासल्या. या चाचण्यांवर मुलाचं पास-नापास अवलंबून नव्हतं, शिक्षकाची बढतीही नव्हती. तरी कागदावर घेतलेल्या चाचणीचे गुण खऱ्यापेक्षा बरेच फुगलेले निघाले. टॅबवर चाचणी घेतली, जिथे प्रश्नांचा क्रम आणि नोंद यंत्राच्या हातात होती, तिथे आकडे खऱ्याच्या जवळ आले. ओझं नसतानाही फुगवटा का? कारण शाळेत वरून आलेला प्रत्येक तक्ता हा तपासणीच असतो, आणि तपासणीला रिकामा रकाना किंवा लाल आकडा दाखवायचा नाही ही शिकवण सेवेत लागल्याच्या पहिल्या वर्षी मिळते. मुलाला वाचता येत नाही असं लिहिलं तर पहिला प्रश्न शिक्षकालाच: मग तुम्ही काय केलंत? खरं लिहिणारा अडकतो, गोल लिहिणारा सुटतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये आला तेव्हा आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना थोर होती. पण तिला लागणारा वेळ, वर्गातली संख्या आणि प्रशिक्षण दिलं नाही. दिली ती रजिस्टरं. २०१९ मध्ये कायदा बदलून पाचवी आणि आठवीला पुन्हा नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, महाराष्ट्राने ती घेतली. एका टोकाकडून दुसऱ्याकडे. मधल्या काळात मूल्यमापन फसलं की राबवलंच गेलं नाही, याचा निवाडा कुणी केला नाही.

प्रश्न काय विचारला जातो, यावर कॉपी होते की नाही ते बरंच ठरतं, आणि हा भाग चर्चेत सगळ्यात कमी येतो. गाईडमध्ये उत्तर छापलेलं आहे असाच प्रश्न पेपरात येणार असेल, तर ते उत्तर डोक्यात ठेवलं काय आणि मोज्यात ठेवलं काय, फरक फक्त नीतीचा. शिकण्याचा नाही. एका ओळीची व्याख्या पाठ करून लिहिणारा आणि चिठ्ठीतून उतरवणारा, दोघांनाही कापसाच्या पिकाला पाणी किती लागतं ते विचारा, दोघंही गप्प बसतील. आणि आदिलाबादच्या घराघरात कापूस आहे. केंद्रीय मंडळाने दहावी-बारावीच्या पेपरांत उपयोजनाचे प्रश्न निम्म्यापर्यंत नेले आहेत आणि नववीला पुस्तक उघडं ठेवून परीक्षा घेण्याला २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. पुस्तक समोर असेल तर चिठ्ठीचं काम संपतं हे खरं. पण पुस्तक उघडून त्यातलं शोधायला वाचता यावं लागतं.

आणि तिथेच आदिलाबादचं खरं दुखणं आहे. मूल घरी गोंडी किंवा कोलामी बोलतं, लंबाडा तांड्यावरचं असेल तर बंजारा. बाजारात मराठी. शाळेत तेलुगू. २०२२-२३ पासून सरकारी शाळांत पहिली ते आठवी इंग्रजी माध्यम, पुस्तकाचं डावं पान एका भाषेत आणि उजवं दुसऱ्या. २०१८ च्या कायद्याने सगळ्या शाळांत तेलुगू सक्तीची. अशा मुलाने उत्तर लिहिलं नाही, तर त्याला विषय येत नाही की भाषा येत नाही की प्रश्नच कळला नाही, ते तीन तासांच्या पेपरावरून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मग शिक्षक फळ्यावर उत्तर लिहितो आणि मूल ते चित्रासारखं उतरवतं. याला कॉपी म्हणायचं का? परीक्षेच्या भाषेत हो. पण तिथे दुसरं काय करता आलं असतं, तेही सांगावं लागेल.

याच भागात या प्रश्नाचं एक जुनं उत्तर होतं. गोंड पुढारी कोमरम भीमचं बंड १९४० मध्ये जोडेघाटला चिरडलं गेलं. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांमध्ये धाडलं. त्यांनी १९४३ मध्ये मार्लवाई इथे शिक्षक-प्रशिक्षण केंद्र काढलं. सुरुवातीला थोडंफार मराठी लिहिता-वाचता येणारे गोंड तरुण हुडकून काढले, त्यांनाच शिक्षक केलं, आणि गोंडीची वाचनपुस्तकं देवनागरीत छापली. हेतू साधा होता: जमिनीचा कागद, नोटीस, सावकाराचा आणि पटवाऱ्याचा हिशेब यांच्यापुढे माणूस आंधळा राहू नये. अशा शिकण्याची परीक्षा पर्यवेक्षकाला घ्यावी लागत नाही, कागद वाचता आला की नाही ते ज्याचं त्याला कळतं. पुढे राज्य बदललं, तेलुगू आली, गोंडी पुस्तकं मागे पडली. मार्लवाई आज आसिफाबाद जिल्ह्यात आहे आणि तिथल्या मुलांनाही मार्चमध्ये हॉल तिकीट लागतं.

मुलाजवळ बसून विचारण्याची रीत सगळ्यांनीच सोडली आहे असं नाही. प्रथम संस्थेचा असर अहवाल २००५ पासून हेच करतो. कार्यकर्ता घरी जातो, एक कागद पुढे धरतो: अक्षरं, शब्द, चार ओळींचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल वाचतं किंवा वाचत नाही. शेजारच्याचं पाहून वाचता येत नाही, आधी पाठ करून ठेवावं असं त्यात काही नसतं, आणि कुणाचा प्रवेशही त्यावर ठरत नाही. देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीची निम्मी मुलंही ती दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, हे आपल्याला बोर्डाच्या निकालातून नाही, या कागदातून कळलं. तेलंगणाने ऑगस्ट २०२२ मध्ये पहिली ते पाचवीसाठी सुरू केलेल्या तोली मेट्टू कार्यक्रमात असं जवळून पाहणं अपेक्षित आहे. तिथलेही तक्ते वर जातात, आणि तक्ता वर गेला की काय होतं ते मघाशी आलंच.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल लिहायचं तर एवढंच की तिने प्रकल्पवही संपवली. आधी स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्प मिळत, आता फोनवर मिळतात. शहरातल्या शिक्षकांना याचा धक्का बसला आहे. आदिलाबादमधल्या नारनूरच्या शिक्षकाला फारसा बसायचं कारण नाही, तो कधीच प्रकल्पवहीवर विसंबून नव्हता.

निवडीचं काम दहावी-बारावीवरून काढून वेगळ्या परीक्षेकडे द्यायचा मार्गही चालून झाला आहे. तेलंगणाच्या इंजिनिअरिंग प्रवेशात इंटरच्या गुणांना पंचवीस टक्के भार होता, तो २०२३ पासून कायमचा गेला. इंटरची कॉपी त्याने कमी झाली असेल, पण इंटरचं कॉलेजही हलकं झालं. मुलं हैदराबादच्या कोचिंगला आणि हजेरी कागदावर. नदीपलीकडचं लातूर हे आधीच जगून बसलं आहे. निवडीची परीक्षाच फुटली तर काय होतं ते तेलंगणाच्या राज्य लोकसेवा आयोगाने दाखवलं. ग्रुप-१ ची प्राथमिक परीक्षा दोनदा रद्द झाली, एकदा पेपरफुटीने आणि एकदा न्यायालयाच्या आदेशाने. ओझं हलवल्याने कॉपी हलते. तरी मी हे हलवण्याच्या बाजूनेच आहे, कारण निवडीची परीक्षा मोठ्या गावात, थोड्या केंद्रांवर, कडक बंदोबस्तात घेता येते. आठवी-नववीच्या पोराला काय येतं ते तशा बंदोबस्तात कळत नाही.

मग ते वीस गुण. ते काढू नयेत, पण शाळेच्या एकट्या हातातही ठेवू नयेत. दहावीच्या प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा, दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने, दहा मिनिटं समोर बसवून विचारावं. त्याच्याच वहीतला एक प्रकल्प उघडून: हे तू कसं केलंस? त्याच पानावरचा उतारा वाचायला लावून: याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग. गणिताचं एक उदाहरण, आकडे बदलून. चाळीस मुलांच्या वर्गाला चारशे मिनिटं, म्हणजे सात तासांच्या आत, एका माणसाचे दोन दिवस. परीक्षेच्या काळात एका केंद्रावर पर्यवेक्षक, बैठं पथक, भरारी पथक, परिरक्षक आणि पोलीस मिळून जितके मनुष्यदिवस जातात त्यापुढे हे काहीच नाही. वशिला इथेही लागेल. समोरासमोर विचारलेल्या प्रश्नात ओळखपाळख, जात आणि गावचा पुढारी हे तिघंही येऊन बसतात, म्हणून दर मंडलातली थोडी मुलं चिठ्ठी टाकून काढावीत आणि जिल्ह्याबाहेरच्याने पुन्हा विचारावीत. दोन्ही वेळच्या गुणांत फार फरक पडला तर त्या शाळेचे सगळेच वीस गुण पुन्हा तपासावेत.

यात अडचण पैशाची नाही. अडचण अशी की समोरच्या पोराने गोंडीत उत्तर दिलं तर ते समजणारा माणूस हवा. असे शिक्षक उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास यंत्रणेच्या (आयटीडीए) आश्रमशाळांत आहेत, मराठी माध्यमाच्या शाळांतही आहेत. मार्चमध्ये त्यांच्याकडे खिडकीशी उभं राहून चिठ्ठी कोण फेकतंय ते पाहण्याचं काम असतं.